पाणीपट्टीची वसुली आणि तिची नोंद

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाडचे धरण आहे. सुमारे २३०० दशलक्ष घनफूट साठ्याच्या या मध्यम प्रकल्पाचा उजवा कालवा दिंडोरी तालुक्यातील गावांना पाणी देत देत निफाड तालुक्यातील ओझरच्या बाजूला येतो. कालव्याच्या शेपटाकडील या भागात १९८० च्या दशकात पाणी क्वचितच पोहोचत असे. सरकारी नकाशावर जमीन भिजणारी होती. शेतात मात्र विहिरीचा तळ दिसत होता. साहजिकच शेतकरी विचारी, पाणीच येत नाही तर पट्टी कसली भरायची? आणि कार्यालयातून उत्तर मिळे, पट्टी वसूल होत नाही तर कालव्याची दुरुस्ती कशातून करायची? दोन्ही प्रश्न रास्त होते. पण त्यांचे उत्तर एकमेकांवर सोपवलेले असल्याने वर्षे जात होती आणि चाऱ्यांमध्ये गवत वाढत होते.

ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना संघटित करून ही कोंडी फोडली. १९९०-९१ च्या सुमारास शेपटाकडील भागात महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन सहकारी पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याने संस्थेला ठरलेले पाणी मोजून द्यावे, संस्थेने त्याचे एकत्रित मूल्य खात्याकडे भरावे, आणि सभासदांमध्ये वाटप व त्यांच्याकडून वसुली ही संस्थेने आपल्या पद्धतीने करावी, असे या व्यवस्थेचे सूत्र होते. कालव्याच्या पाण्याने बाणगंगेवरील बंधारे भरून घेण्याची कल्पनाही येथीलच. त्यामुळे काठच्या विहिरींना पाझर लागला, आणि विहिरीचे पाणी उपसणाऱ्यानेही संस्थेला काही रक्कम द्यावी, हे तत्त्व लोकांनी मान्य केले. विहीर माझी, मोटार माझी, मग पट्टी कशाची, हा प्रश्न ग्रामीण भागात किती सहज विचारला जातो, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या संमतीचे मोल कळेल. पुढे वाघाडच्या सगळ्या लाभक्षेत्रात मिळून २४ संस्था झाल्या आणि त्यांची प्रकल्पस्तरीय संस्थाही स्थापन झाली. २००५ मध्ये राज्याने ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ संमत केला, तेव्हा ओझर-वाघाडचा अनुभव राज्यापुढे होताच.

या प्रयोगाविषयी पाण्याच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. दप्तराच्या अंगाने फारसे लिहिले जात नाही. वास्तविक पाणीवापर संस्था ही एक सेवा पुरवणारी संस्था होय. तिला सेवा मोजावी लागते, सेवेचे देयक काढावे लागते, पैसा गोळा करावा लागतो आणि तो कोणाचा, कशासाठी व केव्हा आला, हे लिहून ठेवावे लागते. यांतील शेवटचे काम सर्वांत नीरस, म्हणून सर्वांत दुर्लक्षित. परंतु संस्था बंद पडतात त्या बहुधा याच ठिकाणी. खेड्यातील थकबाकीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या खिशात नव्हे, तर न लिहिलेल्या किंवा उशिरा लिहिलेल्या वहीत जन्माला येतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरूनच होईल.

जुनी रीत आणि तिचे दुखणे

पाणी वाटणाऱ्या माणसाचा मोबदला गावाने द्यायचा, ही रीत नाशिक जिल्ह्याला नवी नाही. बागलाण भागात मोसम नदीवरील फड पद्धतीत पाटकरी, हवालदार, जागल्या ही मंडळी पाण्याची राखण व वाटणी करीत आणि त्यांचे वेतन बागायतदार भागवीत. ते अनेकदा धान्याच्या रूपाने दिले जाई. खळ्यावर सर्वांच्या देखत दिलेल्या धान्याला पावती लागत नसे. साक्षीदार म्हणून सारे गावच हजर असे.

मोठ्या कालव्यांवर हे शक्य नव्हते. तेथे शेतकऱ्याने नमुना क्रमांक ७ वर पाणी मागणी अर्ज करावा, कालवा निरीक्षकाने मंजुरीप्रमाणे पाणी द्यावे, पिकाखालील क्षेत्राची मोजणी व्हावी आणि पीक व हेक्टर यांच्या हिशेबाने आकारणी होऊन खातेदाराच्या नावे मागणी निघावी, अशी पद्धत रूढ झाली. कागदावर ती निर्दोष आहे. तिचे दुखणे अंतरात आहे. पाणी घेतले मार्गशीर्षात, मोजणी झाली पीक उभे असताना, आणि मागणी हातात पडली ती पीक विकून पैसा खर्च झाल्यानंतर. तोपर्यंत किती पाळ्या मिळाल्या, मधली पाळी चुकली होती की नाही, बांधापलीकडचे दहा गुंठे आपले की भावाचे, यांपैकी काहीही निश्चित सांगता येत नाही. सेवा आणि देयक यांच्यामध्ये सहा महिने गेले की देयकाचा दावा होतो, हे शेती असो वा शहरातील एखादी दुरुस्तीची कार्यशाळा असो, सर्वत्र सारखेच.

चार आकड्यांचा मेळ

मोजून पाणी घेणाऱ्या संस्थेला एक मोठी सोय असते. तिला आपला हिशेब स्वतःच तपासता येतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, लघुवितरिकेच्या मुखाशी बसवलेल्या प्रवाहमापकातून सेकंदाला ६० लिटर पाणी सात दिवस अखंड मिळाले. तासाला २१६ घनमीटर, म्हणजे १६८ तासांत ३६,२८८ घनमीटर पाणी झाले. (शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित आठवीच्या वर्गाला घालण्यासारखे आहे, मुलांच्या घरी चारी असेल तर ती ते चुकणार नाहीत.) आकारणीचा दर हजार घनमीटरला १५० रुपये धरला, तर खात्याचे देयक ५,४४३ रुपये २० पैसे होईल. हा दर केवळ उदाहरणापुरता आहे. प्रत्यक्षात सिंचनाचे ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते आणि ते हंगामानुसार बदलतात. खरिपात सर्वांत कमी, उन्हाळ्यात सर्वांत अधिक.

हा पहिला आकडा, मुखाशी मोजलेल्या पाण्याचा. दुसरा आकडा पाटकऱ्याच्या रोजवहीतला. कोणाच्या शेतात किती वाजता पाणी गेले आणि किती वाजता फिरवले, याची बेरीज त्याने समजा १५४ तास दाखवली. मग १४ तास कोठे गेले? कोरडी चारी ओली होण्यात नऊ तास गेले आणि रात्रीच्या पाळीचा माणूस वेळेवर न आल्याने पाच तास पाणी नाल्याला गेले, अशी नोंद त्याच रोजवहीत पाहिजे. ही नोंद लाजिरवाणी वाटते, म्हणून टाळली जाते. परंतु ती नसेल तर वार्षिक सभेत कोणीही उठून ते १४ तास अध्यक्षांच्या द्राक्षबागेत गेले असे म्हणू शकतो, आणि त्याला उत्तर देता येत नाही.

तिसरा आकडा देयकांचा. सचिवाने काढलेल्या सर्व देयकांतील तासांची बेरीज १५१ भरली. म्हणजे तीन तासांचे देयक निघालेलेच नाही. संस्थेचा दर तासाला १२० रुपये असेल तर हा फरक ३६० रुपयांचा. रक्कम क्षुल्लक आहे. पण ते तीन तास कोणाचे, हे शोधण्याचा हट्ट ज्या सचिवाने धरला, त्याच्या संस्थेत चौथ्या पाळीला असा फरक सहसा उरत नाही. १५१ तासांची मागणी १८,१२० रुपये होते. चौथा आकडा पावत्यांचा. समजा, १६,५०० रुपयांच्या पावत्या फाटल्या. तर १,६२० रुपये येणे बाकी राहिले आणि ते कोणकोणाकडे, याची यादी खतावणीतून त्याच दिवशी काढता आली पाहिजे. यादीची बेरीज १,६२० न येता त्याहून अधिक आली, तर कोठेतरी एक पावती खात्यावर चढलेली नाही किंवा भलत्याच खात्यावर चढली आहे.

मोजलेले पाणी, रोजवहीतील तास, देयकांची मागणी आणि पावत्यांची जमा या चार आकड्यांचा मेळ प्रत्येक पाळीनंतर घालायला एक दुपार पुरते. हंगाम संपल्यावर घालायचा म्हटले तर महिना लागतो, आणि वर्षअखेर घालायचा म्हटले तर तो लागतच नाही. मग लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो आणि त्याला ‘पूर्तता करण्यात येईल’ असे उत्तर जाते.

वरील उदाहरणात खात्याचे देणे वजा जाता संस्थेकडे सुमारे बारा हजार सातशे रुपयांची मागणी उरते. त्यातून पाटकऱ्याचा पगार, सचिवाचे मानधन, चारीची साफसफाई, दारांची दुरुस्ती भागवावी लागते. आपण शासनाच्या दरापेक्षा अधिक का द्यायचे, असे सभासद विचारतात तेव्हा हा तपशील त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे. सभासदांकडून पट्टी हेक्टरी घ्यावी, पिकाप्रमाणे घ्यावी की तासाप्रमाणे, हे संस्थेने आपल्या सभेत ठरवायचे असते. तासाची आकारणी समजायला सोपी. पण चारीच्या टोकाला त्याच तासात कमी पाणी मिळते, हेही खरे. शेपटाकडील सभासदाला तासामागे काही सूट देणे न्यायाचे ठरते. तशी सूट द्यायची तर ती ठरावात आणि देयकात दोन्हीकडे दिसली पाहिजे, सचिवाच्या मर्जीत नव्हे.

पैसा हातात असतो तेव्हा

वसुलीचा दिवस कॅलेंडर पाहून नव्हे, पीक पाहून ठरवावा लागतो. दिंडोरी-निफाड भागात पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत टोमॅटोची आवक पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जोरात असते. याच सुमारास द्राक्षाची छाटणी होऊन औषधांचा आणि मजुरीचा खर्च सुरू होतो. द्राक्षाचे पैसे येतात ते माघ-फाल्गुनात, आणि उन्हाळ कांद्याचे त्याहून उशिरा. तेही शेतकऱ्याने कांदा चाळीत ठेवला तर पावसाळ्यापर्यंत नाहीतच. रब्बीची मागणी दिवाळीच्या मागेपुढे नोंदवून घेताना निम्मी रक्कम आगाऊ घेणारी संस्था शहाणी म्हणावी लागेल, कारण त्या वेळी टोमॅटोवाल्याच्या हातात पैसा असतो. केवळ बाग असणाऱ्याला तोच नियम लावला तर तो सावकाराकडे जाईल. त्याला फेब्रुवारीअखेरची मुदत लेखी द्यावी. अशा दोन मुदती ठेवल्याने नियम सैल होत नाही; दोन्ही मुदती ठरावाने ठरलेल्या असल्या म्हणजे झाले.

‘आधी पट्टी, मग पाणी’ हे सूत्र पाणीवापर संस्थांत लोकप्रिय आहे, आणि पट्टी वेळेवर यावी यासाठी त्याचा उपयोगही निर्विवाद आहे. पण आगाऊ घेतलेली रक्कम ही संस्थेची कमाई नव्हे; पाणी देईपर्यंत ते सभासदाचे देणे असते. ती ‘आगाऊ जमा’ या सदराखाली वेगळी लिहावी आणि पाणी दिल्यावर, प्रत्यक्ष तासांचे देयक निघाल्यावर, त्यात वळती करावी. धरण भरले नाही, तिसरी पाळी रद्द झाली, तर कोणाचे किती परत द्यायचे, हे त्या सदरातून एका नजरेत कळते. ज्या संस्थेने आगाऊ रक्कम सरळ जमेत धरली आणि तिच्यातून चारीचे काम करून टाकले, तिच्यापुढे टंचाईच्या वर्षी भलताच प्रश्न उभा राहतो.

पावती

बांधावर उभ्या असलेल्या पाटकऱ्याच्या हातात सभासद पाचशे रुपये ठेवतो आणि म्हणतो, “दादा, सचिवांकडे द्या, पावती मागाहून घेईन.” पाटकरी प्रामाणिक आहे. तो पैसे देतोही, पण तीन जणांचे एकत्र देतो आणि कोणाचे किती यात घोटाळा होतो. चैत्रात कार्यालयाच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागते आणि तीत पाचशे रुपये भरलेल्या माणसाचे नाव असते. चारचौघांत त्याचा मुलगा ते वाचतो. त्यानंतर तो सभासद पुन्हा कधी वेळेवर पट्टी भरील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

म्हणून पाणी सोडणाऱ्याने पैसे घेऊ नयेत आणि पैसे घेणाऱ्याने पाणी सोडू नये, हा नियम अगदी लहान संस्थेनेही पाळावा. तो पाटकऱ्यावर अविश्वास दाखवण्यासाठी नाही; त्याचे नाव राखण्यासाठी आहे. पैसे स्वीकारणाऱ्याने रक्कम हातात पडताच, देणारा समोर असताना पावती फाडावी. पावतीपुस्तके छापील अनुक्रमांकाची असावीत, वापरण्यापूर्वी त्यांतील पाने मोजून पहिल्या पानावर अध्यक्षांनी तसा दाखला लिहावा, आणि कोणते पुस्तक कोणाला केव्हा दिले याची वही ठेवावी. पावतीवर सभासदाचे नाव, खाते क्रमांक, कोणत्या हंगामाची कोणती पाळी, मागील बाकीपैकी किती आणि चालू मागणीपैकी किती, रक्कम अंकी व अक्षरी, आणि पैसे रोख, धनादेशाने की ऑनलाइन आले, एवढे यावे. पावती चुकली तर ती फाडून टाकू नये. मूळ प्रत स्थळप्रतीला जोडून दोहोंवर ‘रद्द’ लिहून सही करावी. पुस्तकातून नाहीसे झालेले एक पान, त्यावर काहीही लिहिलेले नसले तरी, संशयाला वर्षभर पुरते.

अंशतः रक्कम घ्यावी की नाही, याविषयी मतभेद आढळतात. काही सचिव ‘पूर्ण आणा’ म्हणून माणसाला परत पाठवतात. ते चूक आहे. आठशेपैकी तीनशे रुपये घेऊन आलेला माणूस पट्टी मान्य करून आलेला असतो. ते तीनशे घ्यावेत, आधी जुन्या बाकीत जमा करावेत, उरलेली बाकी पावतीवरच लिहावी आणि त्याची सही घ्यावी. पुढे वाद उद्भवला तर ती सही सर्वांत उपयोगी पुरावा ठरते. धनादेश आला असेल तर पावतीवर ‘धनादेश वटण्याच्या अधीन’ असे लिहावे. न वटल्यास रोकडवहीत उलट नोंद करून मागणी पुन्हा उभी करावी आणि सभासदाला त्याच आठवड्यात कळवावे.

मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय झाली, आणि आता खेड्यातील किराणा दुकानातही क्यूआर फलक दिसतो. संस्थांनीही तो लावला आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यामुळे रोख रक्कम सचिवाच्या घरी रात्रभर राहत नाही. मात्र फलक संस्थेच्या बँक खात्याचा असावा. सचिवाच्या किंवा अध्यक्षांच्या खासगी खात्याचा कदापि नसावा, मग कारण कितीही सोयीचे असो. दुसरी अडचण नावाची आहे. पट्टी वडिलांच्या नावे असते, पैसे नाशिकला नोकरीस असलेल्या मुलाच्या मोबाइलवरून येतात, आणि बँकेच्या उताऱ्यात अनोळखी नाव उमटते. अशी रक्कम अंदाजाने कोणाच्याही खात्यावर चढवू नये. ‘अनामत, खुलासा बाकी’ या सदरी ठेवून आठ दिवसांत चौकशी करावी. पैसे पाठवताना खाते क्रमांक लिहावा आणि व्यवहार क्रमांक संस्थेला कळवावा, एवढी सूचना फलकाखाली मोठ्या अक्षरात लावली तर निम्मे काम कमी होते. मोबाइलच्या पडद्यावरचे ‘यशस्वी’ हे चित्र म्हणजे पावती नव्हे. रक्कम संस्थेच्या खात्यात दिसल्यावर नेहमीच्या पुस्तकातून पावती द्यावीच.

दिवसअखेर रोकडवही बंद करताना पावत्यांची बेरीज रोख आणि बँक अशा दोन रकान्यांत विभागली जाते. आपल्या उदाहरणातील १६,५०० रुपयांपैकी ९,३०० रोख आणि ७,२०० ऑनलाइन आले असतील, तर ९,३०० चा भरणा दुसऱ्या दिवशी बँकेत व्हावा, आणि तोही पूर्ण. वसूल झालेल्या रोखीतून परस्पर मजुरी देऊन उरलेली रक्कम भरण्याची सवय फार पसरलेली आहे. त्यात अफरातफर असतेच असे नाही. पण जमा आणि खर्च दोन्ही अदृश्य होतात आणि बँकेच्या उताऱ्यावरून काहीही पडताळता येत नाही. किरकोळ खर्चासाठी वेगळी अग्रिम रक्कम काढून घ्यावी.

थकबाकी म्हणजे एकच गोष्ट नव्हे

थकबाकीची यादी वाचताना सर्व नावे एकाच मापाने मोजण्याची घाई होते. जो देऊ शकतो आणि देत नाही, त्याच्यासाठी नियम कठोर हवेत. पुढील पाळी थांबवण्याचा ठराव असेल तर तो संचालकांच्या घरापासून लागू झाला पाहिजे. ज्याचे द्राक्षाचे पैसे माल उचलून निघून गेलेल्या व्यापाऱ्याकडे अडकले आहेत, त्याला हप्ते पाडून द्यावेत. तिसरा म्हणतो की तास चुकीचे लिहिले आहेत. त्याची रक्कम ‘वादग्रस्त’ म्हणून वेगळी दाखवून रोजवही त्याच्यासमोर उघडावी. पंधरा दिवसांत समितीने निर्णय द्यावा. अशा वादात रोजवहीवर पाणी फिरवताना घेतलेली सभासदाची सही असली तर बैठक पाच मिनिटांत संपते. आणि काही मागणी मुळात अस्तित्वातच नसते. खातेदार मयत झालेला, जमीन विकली गेलेली, एकच गट दोन नावांवर चढलेला. ही मागणी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते, वसुलीची टक्केवारी त्यामुळे वाईट दिसते आणि खऱ्या थकबाकीदाराला आड मिळते. दरवर्षी सातबाराच्या उताऱ्याशी सभासद यादी ताडून पाहणे, हा यावरचा उपाय होय. रक्कम सोडून द्यायची झाल्यास ती सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, कारण लिहून सोडावी.

ग्रामपंचायतीच्या नळाला हेच लागू

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमुळे घरोघरी नळ पोहोचवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. त्याबरोबर ग्रामपंचायतीवर दरवर्षी शेकडो देयके काढण्याची जबाबदारी आली. शेतीच्या पाण्याप्रमाणे येथे पाळी थांबवणे सोपे नाही. पिण्याचे पाणी तोडणे हा टोकाचा उपाय आहे आणि तो शेवटीच योजावा. वसुलीचा भार त्यामुळे नोंदींवरच अधिक पडतो.

नमुने तयार आहेत. नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ ही कर मागणीची, नमुना १० ही कर व फीची पावती आणि नमुना ५ ही सामान्य रोकडवही. या चारांत वर सांगितलेलीच साखळी आहे. नळजोडणी दिल्याचा दिवस आणि नमुना ९ मध्ये नाव चढल्याचा दिवस यांत अनेक गावांत वर्षाचे अंतर पडते, आणि ते पैसे नंतर मागण्याचा धीर कोणाला होत नाही. जोडणी देणाऱ्या कारागिराकडून दर आठवड्याला यादी घेऊन ती मागणी नोंदवहीशी पडताळण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) लिपिकावर न सोडता स्वतः पाहावे.

देयक बजावण्याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे वसुलीची सुरुवात देयक देण्यापासून होते. त्यानंतर मागणीचा लेख, आणि जप्तीचा विचार त्याच्याही नंतर. पहिली पायरी गाळून एकदम नोटीस काढली तर पुढचे सारे डळमळते. पंचायत सदस्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. कलम १४ अन्वये, देयक रीतसर देऊन मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत पंचायतीचा कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. या तरतुदीवरून उद्भवणाऱ्या तंटयांत देयक खरोखर बजावले गेले काय, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या हाती, हा मुद्दा कळीचा असतो. बजावणीची वही नसेल तर प्रामाणिक सदस्याचे पद विनाकारण धोक्यात येते, आणि हेतुपुरस्सर कर न भरणारा सहीसलामत सुटतो. शिपायाने देयक देताना घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, तारीख, आणि घेणारा खातेदार नसेल तर त्याचे नाते लिहून घ्यावे. कोणी घेण्यास नकार दिला तर तसे लिहून पंचांच्या सह्या घ्याव्यात.

ग्रामसभेत थकबाकीची यादी वाचण्यापूर्वी आठ दिवस ती फळ्यावर लावून हरकती मागवाव्यात. ज्यांच्याजवळ पावती आहे, त्यांनी ती आणून दाखवावी आणि नोंद तेथल्या तेथे दुरुस्त व्हावी. पहिल्या वर्षी पुष्कळ हरकती येतील. दुसऱ्या वर्षी त्या कमी होतात, असा ज्या गावांनी हे केले त्यांचा अनुभव आहे.

सचिव किंवा अधिकारी बदलतो तेव्हा कार्यभार देण्याघेण्याच्या यादीत कपाटे, खुर्च्या, शिक्के यांची नोंद काळजीपूर्वक होते. तिच्याबरोबर न वापरलेल्या पावतीपुस्तकांचे अनुक्रमांक, अर्धवट वापरलेल्या पुस्तकातील शेवटची पावती, हातची रोख शिल्लक, बँक उताऱ्याशी घातलेला त्या दिवसापर्यंतचा ताळमेळ, खुलासा बाकी असलेल्या अनामत रकमा आणि खातेदारनिहाय येणे बाकीची यादी यांवर देणारा व घेणारा या दोघांच्या आणि अध्यक्षांच्या सह्या घ्याव्यात. यादीच्या तीन प्रती कराव्यात. एक देणाऱ्याने आपल्याजवळ ठेवावी.